रोमच्या अभ्यासाची सुरुवात: राजांच्या आधी नदीचा उतार

एम.ए.च्या पहिल्या वर्षी प्राचीन रोमचा पेपर होता आणि माझी सगळी तयारी पाठांतराची. इ.स.पू. 753 ला स्थापना, रोम्युलसपासून सात राजे, सात टेकड्यांची नावं. तोंडी परीक्षेत बाईंनी एवढंच विचारलं, "रोम तिथंच का वसलं? समुद्राकाठी का नाही?" मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री ट्रेसिंग पेपरवर इटलीचा नकाशा काढायला बसले, आणि या विषयाची गोडी लागली ती तिथून. म्हणून नव्यानं हा विषय घेणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: राजे जरा बाजूला ठेवा, पेन्सिल घ्या.

आधी अपेनाइन पर्वतरांग काढा. मध्य इटलीत ती पूर्व किनाऱ्याच्या अंगाला सरकलेली आहे, त्यामुळे मोकळी, सुपीक जमीन पश्चिमेला आली. वर इट्रुरिया, मध्ये लॅटियम, खाली कँपेनिया. इट्रुरिया आणि लॅटियमच्या मधून टायबर वाहते. मुखापासून साधारण 25 किलोमीटर आत तिच्या पात्रात एक छोटं बेट आहे आणि त्याच्या जरा खाली नदीला उतार, म्हणजे चालत ओलांडता येईल अशी उथळ जागा, मिळायचा. इट्रुरियातून कँपेनियाकडे निघालेल्याला पलीकडे जायला ती सोयीची जागा. आता दुसरी वाट काढा. टायबरच्या मुखाशी मिठागरं होती. तिथलं मीठ नदीच्या बाजूबाजूनं वर, डोंगरातल्या सबाइन लोकांकडे जायचं. त्या वाटेचं पुढे नावच पडलं व्हिया सलारिया, मिठाचा रस्ता. या दोन वाटा जिथं एकमेकींना छेदतात तिथं रोम आहे. बाईंच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या कागदावर उमटलेलं होतं.

उताराजवळच गुरांचा बाजार भरायचा, फोरम बोआरियम. लॅटिनमध्ये गुरांना 'पेकुस' म्हणतात आणि पैशाला 'पेकुनिया'. हा 'पेकुस' आणि आपला 'पशू' एकाच मुळातून आलेले शब्द आहेत. गोधन म्हणणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

पण भूगोलानं सगळं आयतं दिलं, असं उत्तरपत्रिकेत लिहू नका. ही चूक फार जण करतात. टेकड्या ज्वालामुखीच्या टफ दगडाच्या, कडे तुटलेले, राहायला सुरक्षित. सातांपैकी पॅलेटाइन या टेकडीवर 1948 मध्ये लोहयुगातल्या झोपड्यांच्या खांबांचे खड्डे सापडले. मधल्या खोलगट भागात मात्र दलदल. टायबरला पूर आला की पाणी आत शिरायचं. एकेकाळी त्या सखल जागेच्या कडेला लोक मेलेल्यांना पुरत. इ.स.पू. सातव्या शतकात तिथं भराव टाकून जमीन उंच केली, पाणी काढून दिलं आणि तिथंच फोरम, म्हणजे गावाचा चौक, उभा राहिला. मला रोमची खरी सुरुवात इथं दिसते. एकट्या टेकडीवरच्या वस्तीला हे काम झेपणारं नव्हतं. वेगवेगळ्या टेकड्यांवरच्या माणसांनी एकत्र येऊन ते केलं असणार. शिवाय जवळपास 16 किलोमीटरवर एट्रुस्कन लोकांचं, म्हणजे इट्रुरियातल्या रहिवाशांचं, वेई हे शहर होतं, तेही कड्यांनी राखलेल्या प्रशस्त पठारावर. जागा उत्तम असूनही इ.स.पू. 396 मध्ये रोमनं ते जिंकलं.

रोमन इतिहासकार लिव्हीच्या कथा जरूर वाचा, पण तो पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळात, म्हणजे परंपरेनं सांगितलेल्या स्थापनेनंतर सातशेहून अधिक वर्षांनी लिहीत होता हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. रोम्युलसच्या माणसांनी बायका हव्यात म्हणून शेजारच्या सबाइन स्त्रियांना पळवून नेल्याची कथा जशीच्या तशी घडली असं धरता येत नाही. मात्र आपण मिसळून झालेले लोक आहोत, ही रोमनांची स्वतःबद्दलची आठवण तिच्यात आहे.

ही सरमिसळ सगळ्यात जवळून दिसते ती लिपीत. यावर मी आठवडाभर घालवला आणि एक दिवसही वाया गेला नाही. ग्रीक लोक इ.स.पू. आठव्या शतकात कँपेनियाच्या किनाऱ्याजवळच्या इस्किया बेटावर आणि नंतर किनाऱ्यावरच्या क्युमे इथं येऊन राहिले. त्यांची अक्षरं एट्रुस्कनांनी घेतली, त्यांच्याकडून ती लॅटिन लोकांकडे आली. ग्रीकांचं तिसरं अक्षर गॅमा, म्हणजे 'ग'. एट्रुस्कन भाषेत क आणि ग असा भेदच नव्हता, म्हणून त्यांच्याकडे ते 'क'साठी वापरलं जाऊ लागलं. लॅटिनमध्ये दोन्ही उच्चार होते, तरी कितीतरी काळ दोन्हींसाठी हेच एक 'सी' अक्षर चालवलं. 'जी' हे वेगळं अक्षर आलं इ.स.पू. तिसऱ्या शतकात, 'सी'लाच एक रेघ जोडून. तरीही 'गायुस' हे नाव आद्याक्षरानं लिहिताना रोमन लोक 'सी'च लिहीत राहिले.

फोरममध्ये 1899 साली काळ्या फरशीखाली एक कोरीव दगड सापडला. लॅटिनमधल्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांपैकी तो एक. त्याच्या ओळी उभ्या आहेत आणि नांगराचा बैल तासाच्या टोकाला वळतो तशा खालून वर, वरून खाली वळत जातात. त्याचा फोटो मिळवा आणि 'रेकेइ' हा शब्द शोधा. त्यातला 'क' हा 'ग' म्हणून वाचायचा: 'रेगेइ', म्हणजे राजाला. आपल्या 'राजा'शी सख्खं नातं असलेला हा लॅटिन शब्द ग्रीकांच्या अक्षरांत, एट्रुस्कन वळणानं, भराव घातलेल्या त्या चौकात कोरलेला आहे.