वक्र स्लॉट मिलिंग करताना या चुका टाळा

सरळ स्लॉटला (खाचेला) जमलेला फीड, म्हणजे कटर पुढे सरकण्याचा वेग, तसाच चापाकार स्लॉटला लावणे, ही या कामातली सर्वांत महागात पडणारी चूक होय. व्हीएमसीवर (संगणकनियंत्रित उभ्या मिलिंग मशीनवर) प्रोग्रॅममधला फीड सहसा कटरच्या मध्याला लागू होतो, धातू मात्र कटरचा परीघ कापतो. त्यामुळे वळणाच्या बाहेरच्या भिंतीवर प्रत्यक्ष फीड वाढतो आणि आतल्या भिंतीवर घटतो.

ईएन-८ पोलादात १० मिमी रुंद आणि मध्यरेषेवर १५ मिमी त्रिज्येचा स्लॉट घेऊ. रुंदी १० म्हणून १० मिमीचाच एंडमिल (कटर) लावण्याचा मोह होतो. पण पूर्ण रुंदीत चालताना एका भिंतीवर क्लाइंब (दात जाड चिप, म्हणजे धातूचा कीस, घेऊन सुरू होतो व ती पातळ होत जाते) आणि दुसरीवर कन्व्हेन्शनल (पातळपासून जाड) कटिंग होते, कटर एका बाजूला झुकतो आणि स्लॉटचे माप बिघडते. त्याऐवजी ८ मिमीच्या कोटेड कार्बाइड कटरने मध्यरेषेवरून रफिंग (ढोबळ कटाई) करावे आणि उरलेला प्रत्येकी १ मिमी दोन्ही भिंतींवर क्लाइंबनेच काढावा, म्हणजे बाहेरची भिंत घड्याळाच्या उलट दिशेने आणि आतली सुलट दिशेने.

कटिंग स्पीड (कटरच्या परिघाचा वेग) मिनिटाला १०० मीटर धरल्यास सुमारे ४००० आरपीएम (मिनिटाला फेरे) येतात. ४ फ्लूट (दात) आणि प्रति दात ०.०३ मिमी धरून फीड मिनिटाला ४८० मिमी होतो. बाहेरच्या भिंतीची त्रिज्या २० आणि कटरच्या मध्याची वाट १६ मिमी असल्याने हाच फीड तिथे ६०० पडतो, म्हणून प्रोग्रॅममध्ये ३८४ द्यावा. आतल्या भिंतीवर (त्रिज्या १०, वाट १४ मिमी) तोच ४८० उलट ३४३ वर येतो आणि कटर कापण्याऐवजी घासू लागतो; ही बाजू आवाज करत नाही, म्हणून बहुधा दुर्लक्षितच राहते.

रफिंगला ६ फ्लूटचा कटर नको, कारण खोल स्लॉटमध्ये चिप्सना जागाच उरत नाही. कटर कोलेटबाहेर (कटर धरणाऱ्या पकडीबाहेर) गरजेपेक्षा जास्त काढू नये, कारण लांबी दुप्पट झाली की झुकाव आठपट होतो. सरळ खाली घुसवण्यापेक्षा २ ते ३ अंशांचा रॅम्प (तिरका उतार) द्यावा. चिप्स पुन्हा कापल्या जाऊन कडा तुटत असतील, तर फीड कमी करण्याआधी हवेचा झोत नेमका स्लॉटमध्ये जातो का, ते पाहावे. आणि एकच दात लवकर झिजत असेल, तर डायल (मापक) लावून रनआऊट, म्हणजे कटर फिरताना मध्यापासून किती डगमगतो ते, मोजावा, कारण प्रति दात ०.०३ मिमी फीडमध्ये ०.०२ मिमीचा रनआऊट फार मोठा ठरतो.