मायएसक्यूएलची २००२ एरर: पासवर्डला हात लावू नका

लिनक्सवर मायएसक्यूएल या डेटाबेसला जोडताना २००२ एरर दिसली, की बरेच जण आधी पासवर्ड बदलायला घेतात. उगाच. पासवर्ड चुकला तर १०४५ येते. २००२ म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचताच आलेलं नाही.

सर्व्हिस चालू आहे का ते 'सिस्टिमसीटीएल स्टेटस'ने बघा. बंद असेल तर रीस्टार्ट मारत बसण्याआधी 'डीएफ' कमांडने डिस्क तपासा. '/व्हार' (डेटाबेसच्या फाइली सहसा याच फोल्डरात असतात) १०० टक्के भरलं असेल तर सर्व्हर उठायलाच कुरकुरतो, आणि दोष मात्र कॉन्फिगला जातो.

सर्व्हिस चालू, तरी तीच एरर? मग होस्टच्या जागी 'लोकलहोस्ट' काढून १२७.०.०.१ टाका. दोन्ही एकच वाटतात, पण 'लोकलहोस्ट' लिहिलं की क्लायंट, म्हणजे जोडणी करणारा प्रोग्राम, नेटवर्कने न जाता सॉकेट फाइल शोधतो; त्याच मशिनवरच्या सर्व्हरशी बोलायची ती खास फाइल. आकडे लिहिले की टीसीपीने, म्हणजे नेटवर्कच्या वाटेने, नेहमीच्या ३३०६ पोर्टवर जातो. आकड्यांनी जोडणी झाली, तर गडबड सॉकेटच्या पत्त्यात. उबंटूत सर्व्हर ती फाइल '/व्हार/रन/मायएसक्यूएलडी'मध्ये ठेवतो आणि बाहेरून आणून बसवलेला क्लायंट पुष्कळदा '/टीएमपी'मध्ये हुडकतो. क्लायंटच्या कॉन्फिगमधली 'सॉकेट'ची ओळ सर्व्हरच्या ओळीशी अक्षरन् अक्षर जुळवा.

उबंटूत रूटला, म्हणजे मायएसक्यूएलच्या मुख्य युजरला, १६९८ एरर आली, तर ते वेगळं प्रकरण: तिथे कमांडआधी 'सुडो' (अॅडमिनच्या अधिकाराने चालवणं) लावूनच आत जायचं.