इनोव्हाला नवे टायर-रिम घेताय? आधी या चुका टाळा

मे महिन्यात कोकणात निघालेली इनोव्हा डोळ्यांसमोर आणा. आत सात माणसं, मागे बॅगा, परतताना पायाशी आंब्याच्या पेट्या. आता हीच गाडी टायरच्या दुकानात जाते तेव्हाची आठवा. मालक एकटा, मागची सीट दुमडलेली आणि मोबाइलवर कुणाच्या तरी काळ्या अलॉय रिमचा फोटो. टायर निवडला जातो या रिकाम्या गाडीसाठी, आणि पळावं लागतं त्या भरलेल्या गाडीखाली.

उदाहरण इनोव्हा क्रिस्टाचं घेतो, आमच्या दारात तीच उभी आहे. तिला कंपनीकडून दोन मापं येतात: खालच्या मॉडेलना २०५/६५ आर१६, वरच्यांना २१५/५५ आर१७. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. इथवर सगळेच वाचतात. त्यापुढे ९५एच किंवा ९४व्ही असं जे छापलेलं असतं, ते फारसं कुणी वाचत नाही.

भाराचा आकडा न बघणं

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ९५ म्हणजे एक टायर ६९० किलो पेलतो. ९४ म्हणजे ६७०, ९२ म्हणजे ६३०, ९१ म्हणजे ६१५. (पुढचं अक्षर वेगाचं: एच ताशी २१० किलोमीटरपर्यंत, व्ही २४०. आपल्या रस्त्यांवर त्याची चिंता नको, पण त्या मापाला कंपनीने दिलेल्या अक्षरापेक्षा खालचं घेऊ नका.)

समजा, मित्राने इकोस्पोर्टचे जवळजवळ नवे टायर देऊ केले. माप २०५/६० आर१६, भार ९२. सोळाच्या रिमवर आरामात चढतात. आता कच्चा हिशेब करू. डिझेल क्रिस्टा रिकामी साधारण १,८०० किलो. सात माणसं सरासरी ६५ किलोंची धरली तर ४५५, आणि सामान १२०. झाले २,३७५. माणसं आणि बॅगा मागे असल्याने मागच्या ॲक्सलवर (मागच्या दोन चाकांवर मिळून) ५५ टक्के वजन धरा, म्हणजे १,३०६ किलो. एका मागच्या टायरवर ६५३. मित्राचा टायर ६३० चा. गाडी जागेवर उभी असतानाच तो हरला, खड्डा आणि वळण अजून यायचं आहे.

शिवाय त्याचा व्यास मूळ मापापेक्षा सुमारे तीन टक्क्यांनी कमी. म्हणजे गाडी सेंटीमीटरभर खाली बसते आणि मीटर खऱ्या वेगापेक्षा जास्त दाखवतो. माप बदलायचंच असेल तर व्यासातला फरक दोन टक्क्यांच्या आत ठेवा, आणि भाराचा आकडा मूळ आकड्याइतका किंवा वरचा. खालचा कधीच नाही.

अठरा इंचांचा मोह

दुकानदार सांगेल, सतराऐवजी अठराचे अलॉय घ्या, २३५/४५ आर१८ बसवू, मीटर बिघडणार नाही. तो खोटं बोलत नाही. दोन्हींचा व्यास ६६८ मिलिमीटरच्या आसपासच आहे. पण रिम मोठा झाला आणि बाहेरचा व्यास तोच राहिला, तर मधली रबराची भिंत कमी होणारच. सोळाच्या टायरला ती १३३ मिलिमीटर असते, सतराच्याला ११८, आणि या अठराच्याला १०६. भरल्या गाडीने पावसाळी खड्ड्यात चाक आपटलं की ही भिंत रस्ता आणि रिमच्या कडेमध्ये चिमटते, आतले दोरे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी टायरला फुगा आलेला दिसतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, कुणी कितीही पैज मारली तरी.

मी तर उलटा सल्ला देईन. गावाकडचे रस्ते जास्त असतील तर सतरावरून सोळावर या. टायर स्वस्त, बसायला मऊ. फक्त रिम आतल्या ब्रेकच्या कॅलिपरला (ब्रेकची डिस्क पकडणाऱ्या भागाला) लागत नाही ना, हे एक चाक चढवून, हाताने फिरवून बघा. गाडी जरा साधी दिसेल, पण आजीची कंबर दुवा देईल.

रिम: पाच नट जुळले म्हणजे सगळं जुळलं असं नाही

क्रिस्टाचा पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, ५×११४.३: पाच नट, ११४.३ मिलिमीटर. क्रेटाचाही तोच. म्हणून क्रेटाचे सुटे अलॉय इनोव्हावर सहज चढतात. माझ्या मेव्हण्याने असाच सेट घेतला, आणि गाडी ८०-९० च्या पुढे गेली की स्टिअरिंग थरथरायला लागलं. तीनदा बॅलन्सिंग झालं. दोष बॅलन्सिंगचा नव्हताच. टोयोटाच्या हबचा (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या गोल भागाचा) व्यास ६०.१ मिलिमीटर, आणि त्या रिमच्या मधल्या भोकाचा ६७.१. सात मिलिमीटरची मोकळीक! चाक हबवर टेकण्याऐवजी नुसत्या नटांवर लटकलेलं होतं. मापाची हब रिंग (ही मोकळीक भरणारी कडी) घातल्यावर थरथर थांबली. बाजारातल्या बऱ्याच अलॉयचं भोक मुद्दाम मोठं ठेवलेलं असतं, तेव्हा रिंग मागूनच घ्या.

नटांचंही तसंच. टोयोटाच्या अनेक मूळ अलॉयना सपाट वायसरचे नट लागतात, बाहेरच्या अलॉयना बहुधा निमुळते. जुनेच नट नव्या रिमवर आवळले तर ते नीट बसत नाहीत आणि हळूहळू सैल होतात. नव्या रिमवर शंभरेक किलोमीटर झाले की नट पुन्हा आवळून घ्या.

ऑफसेट, म्हणजे रिम हबवर किती आत किंवा बाहेर बसतो ते माप, चुकला तर चाक बाहेर येतं. फोटोत ते रुबाबदार दिसतं, पण मागे तिघं बसली की टायर मडगार्डच्या कडेला घासतो. रिकाम्या गाडीत हा आवाज येतच नाही, म्हणून दुकानातून निघताना सगळे खूश असतात.

दोनच टायर बदलताना

नवे दोन पुढे घालायची आपल्याकडे पद्धत आहे. ते मागे घाला. ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, आणि वेग कमी करून ती सावरता येते. मागची सुटली तर शेपूट फिरतं, आणि भरलेल्या गाडीचं शेपूट जड असतं.

टायरच्या भिंतीवर तारखेचे चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सवलतीत मिळणाऱ्या टायरचं खरं वय बहुधा इथे कळतं. हाच आकडा स्टेपनीवरही बघा. इनोव्हाची स्टेपनी मागे गाडीखाली लटकलेली असते, चिखल खात, आणि वर्षानुवर्षं तिची आठवण कुणाला होत नाही. चाकांचा व्यास बदललात आणि स्टेपनी जुनीच राहिली, तर ती मागे लावून लांब पळू नका. दोन चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअर) तापतं.

समृद्धीवर हवा कमी करणं

नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा काँक्रीटचा समृद्धी महामार्ग, जास्तीत जास्त वेग १२०. त्यावर जाण्याआधी बरेच जण हवा काढतात. म्हणे उन्हात हवा फुगते आणि टायर फुटतो. घडतं नेमकं उलटं. हवा कमी असली की टायरची भिंत दर फेरीला जास्त वाकते, आणि या वाकण्यानेच रबर आतून तापतं. त्यात गाडी भरलेली आणि वेग न थांबता तासन्‌तास तोच. चालताना दाब थोडा वाढतो, हे टायर बनवणाऱ्याने धरलेलंच असतं. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर दाब लिहिलेला असतो. भरल्या गाडीसाठी वेगळा आकडा दिला असेल तर तोच ठेवा, आणि मोजायचं ते सकाळी, टायर गार असताना. नायट्रोजन भरायचा तर खुशाल भरा, पण साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो.

बसवल्यावर काही बिघडलं तर

थरथर स्टिअरिंगमध्ये असेल तर पुढच्या चाकांत शोधा, सीटखाली असेल तर मागच्या. गाडी एका बाजूला ओढत असेल तर पुढची दोन चाकं आपसात बदलून बघा. ओढ बाजू बदलली तर दोष टायरचा, नाही बदलली तर अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांच्या कोनांचा. (नक्षीवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर ही अदलाबदल करू नका.) नक्षीच्या दोन्ही कडा घासल्या तर हवा कमी राहिली, मधला पट्टा घासला तर जास्त. खाचेतल्या खुणेपर्यंत, म्हणजे १.६ मिलिमीटरपर्यंत नक्षी उतरली की टायर कायद्यानेही संपला.

आणि पैसे चुकते करण्याआधी घरच्यांना गाडीत बसवून एक फेरी मारा. स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा, एखादा गतिरोधक ओलांडा आणि तेव्हा गाणी बंद ठेवा.