डिजिटल व्हॉल्व्ह कंट्रोलर: वायरिंग आणि टर्मिनलवरच्या व्होल्टेजची तपासणी

टू-वायर डिजिटल व्हॉल्व्ह कंट्रोलरला, म्हणजे व्हॉल्व्हवर बसून त्याची उघडझाप सांभाळणाऱ्या दोन तारांच्या उपकरणाला, वेगळा वीजपुरवठा नसतो. कंट्रोल रूममधून येणारा ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल व्हॉल्व्ह किती उघडायचा ते सांगतो आणि त्याच सिग्नलवर कंट्रोलरचे इलेक्ट्रॉनिक्सही चालते. त्यामुळे करंटइतकेच महत्त्व टर्मिनलवर उरणाऱ्या व्होल्टेजला आहे, आणि तपासणीत नेमके तेच मोजायचे राहून जाते.

काम सुरू करण्यापूर्वी ऑपरेटरची लेखी परवानगी घ्यावी आणि व्हॉल्व्ह बायपासवर आहे याची खात्री करावी, कारण लूपची (सिग्नलच्या दोन तारांच्या सर्किटची) एक तार सुटताच सिग्नल शून्य होतो आणि व्हॉल्व्ह आपल्या फेल स्थितीकडे, म्हणजे पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद, जातो. स्टेम (व्हॉल्व्हचा हलणारा दांडा) व अ‍ॅक्चुएटर (तो दांडा हलवणारा भाग) यांच्याजवळ हात ठेवू नयेत. स्फोटक वायूची शक्यता असलेल्या क्षेत्रात फ्लेमप्रूफ कंट्रोलरचे झाकण वीज चालू असताना उघडू नये.

सिग्नलसाठी शील्ड असलेली ट्विस्टेड पेअर केबल वापरावी. शील्डचे अर्थिंग एकाच टोकाला, सहसा कंट्रोल रूमच्या बाजूला, करावे आणि दुसऱ्या टोकाला शील्ड कापून टेपने इन्सुलेट करावी. दोन्ही टोकांना अर्थिंग केल्यास दोन ठिकाणच्या अर्थमधील व्होल्टेजच्या फरकामुळे शील्डमधून करंट वाहू लागतो. केबलला मेगर (इन्सुलेशन तपासणारे उच्च व्होल्टेजचे मीटर) लावायचा असल्यास दोन्ही टोकांची उपकरणे आधी सोडवावीत. ५०० व्होल्टचा मेगर कंट्रोलरच्या सर्किट बोर्डाला सहन होत नाही. तपासणीनंतर केबल डिस्चार्ज करावी आणि मगच जोडणी करावी.

जोडणीतील सर्वांत महागडी चूक म्हणजे आज्ञेच्या, म्हणजे ४ ते २० मिलिअँपिअरच्या सिग्नलच्या, टर्मिनलवर थेट २४ व्होल्टचा पुरवठा देणे. तेथे करंट सोर्सच हवा; करंटवर मर्यादा नसलेला व्होल्टेज सोर्स बोर्ड निकामी करू शकतो. ही गल्लत बहुधा पोझिशन ट्रान्समीटरमुळे होते. व्हॉल्व्हची स्थिती परत कळवणाऱ्या या दुसऱ्या लूपला मात्र २४ व्होल्टचा पुरवठा लागतो, त्याची टर्मिनले शेजारीच असतात, आणि तारांवरचे फेरूल (क्रमांकाच्या खुणा) वाचता येत नसतील तर जोड्यांची अदलाबदल सहज होते. म्हणून दोन्ही जोड्या कंट्रोल रूमच्या टोकापासून कंटिन्यूइटी पाहून ओळखाव्यात.

आता व्होल्टेजचा हिशेब. समजा, आउटपुट कार्ड (कंट्रोल रूममधून सिग्नल पाठवणारे कार्ड) जास्तीत जास्त १८ व्होल्ट देऊ शकते, हार्ट फिल्टरवर (हार्ट म्हणजे त्याच तारांवरून होणारा डिजिटल संवाद) २.३ व्होल्ट पडतात, झेनर बॅरियरचा (स्फोटक क्षेत्रात जाणारी ऊर्जा मर्यादित ठेवणाऱ्या उपकरणाचा) रोध ३४० ओहम आहे, आणि १ किलोमीटर लांब, १.५ चौरस मिलिमीटर केबलचा जाण्यायेण्याचा रोध सुमारे २४ ओहम आहे. २० मिलिअँपिअरला बॅरियर ६.८ आणि केबल सुमारे ०.५ व्होल्ट खाते, म्हणजे कंट्रोलरपाशी साधारण ८.४ व्होल्ट उरतात. त्याला १० व्होल्ट लागत असतील तर करंट १५.७ मिलिअँपिअरच्या आसपास अडकतो. परिणामी व्हॉल्व्ह सुमारे ७३ टक्क्यांपर्यंत व्यवस्थित चालतो आणि पुढे हलत नाही, आणि मग दोष नसलेला अ‍ॅक्चुएटर खोलला जातो. या उदाहरणात केबल निर्दोष आहे, अडचण बॅरियरची आहे. लांब केबलला दोष देण्याची सवय इथे फसवते.

म्हणूनच कार्डाला २० मिलिअँपिअरची आज्ञा द्यावी आणि मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून कंट्रोलरच्या लूप टर्मिनलवर मोजावे. मीटर चुकून मिलिअँपिअरच्या रेंजवर व लीड करंटच्या सॉकेटमध्ये राहिली, तर मीटर टर्मिनल शॉर्ट करतो आणि व्हॉल्व्ह फेल स्थितीला जातो. लीड लावण्यापूर्वी नॉब आणि सॉकेट दोन्ही पाहावे. मिळालेला आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधील किमान व्होल्टेजशी ताडून पाहावा. व्होल्टेज आणि करंट दोन्ही जवळपास शून्य असतील तर लूप कुठेतरी तुटला आहे किंवा फ्यूज उडाला आहे. व्होल्टेज शून्याजवळ आणि करंट पूर्ण असेल तर शॉर्ट शोधावा.

हार्ट कम्युनिकेटर (कंट्रोलरशी हार्टने संवाद साधणारे हातातले उपकरण) टर्मिनलवर समांतर जोडावा. करंट बरोबर असूनही संवाद होत नसेल तर आउटपुट कार्ड हार्टला चालते का, आणि नसल्यास फिल्टर बसवला आहे का, ते आधी पाहावे. फिल्टरविना काही कार्डे १२०० व २२०० हर्ट्झचा सिग्नल गिळून टाकतात.

शेवटी कार्ड वेगळे करून त्याच्या जागी लूप कॅलिब्रेटर (हवा तेवढा करंट देणारे तपासणीचे उपकरण) जोडावा. तो ‘सोर्स’ मोडमध्ये असावा. ‘सिम्युलेट’ मोड ट्रान्समीटरच्या जागी वापरायचा असतो, त्यात तो स्वतः लूपला वीज पुरवत नाही. ४, ८, १२, १६ आणि २० मिलिअँपिअर देऊन ०, २५, ५०, ७५ आणि १०० टक्के प्रवास चढताना व उतरताना तपासावा. व्हॉल्व्ह एअर-टू-क्लोज (हवेच्या दाबाने बंद होणारा) असेल तर दिशेचा अर्थ कॉन्फिगरेशनमधून ठरवावा. मग कार्ड पुन्हा जोडून २० मिलिअँपिअरला टर्मिनल व्होल्टेज एकदा परत मोजून नोंदवावे, कारण कॅलिब्रेटरवर नीट चाललेला व्हॉल्व्ह मूळ लूपवर चालेलच असे नाही.