नवा कॅमेरा घेतलाय? मग या चुका टाळा

मामेबहिणीच्या हळदीला मी नवा कॅमेरा गळ्यात अडकवून मिरवत होतो. व्हिडिओ बघून डोक्यात एकच बसलेलं: खरा फोटोग्राफर 'मॅन्युअल'वरच, म्हणजे सगळं स्वतः ठरवून, काढतो. घरी येऊन फोटो उघडले, तर हळद लावणाऱ्या काकूंचा हात म्हणजे नुसता पिवळा फराटा. शटर, म्हणजे कॅमेरा उजेड आत घेतो तो वेळ, होतं १/१५ सेकंद.

पहिल्या दिवशी मॅन्युअलच्या नादी लागू नका. माणसं हलत असतील तर डायल 'एस'वर (कॅननवर 'टीव्ही') ठेवा, म्हणजे शटर तुम्ही ठरवता, बाकी कॅमेरा. शटर १/२५०, आयएसओ (उजेड किती वाढवून टिपायचा ते) ऑटो. हॉलमधल्या उजेडात आयएसओ ६४०० पर्यंत गेला तरी जाऊ द्या. त्याने फोटोत येणारे दाणे कमी करता येतात, हललेला हात मागून स्थिर करता येत नाही.

फोटो खराब आला की 'लेन्सच भंगार' म्हणायच्या आधी तो मोठा करून बघा. सगळंच हललंय? तुमचा हात हलला, शटरचा वेग वाढवा. मागची भिंत स्पष्ट, आणि फक्त माणूस पुसट? तो हलला, शटरचा वेग इथेही वाढवायचाय, आणखी जास्त. नवरी धूसर पण मागच्या आत्याबाईंच्या नथीचा मोती न् मोती मोजता येतोय? मग फोकस चुकला. कॅमेऱ्याला वाटेल तिथे फोकस करू देऊ नका, एकच पॉइंट निवडून तो डोळ्यावर ठेवा. माझे निम्मे फोटो या तिसऱ्या प्रकारात गेले होते, आणि मी शिव्या देत होतो लेन्सला.

किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळते ती) झूम करून उभं राहणं हीही चूकच. १८ मिमीला एफ/३.५ मिळतं (एफचा आकडा मोठा, तेवढं लेन्सचं भोक लहान), ५५ ला एफ/५.६; म्हणजे उजेड अडीच पटीने कमी. दोन पावलं पुढे जा.

संक्रांतीची काळी साडी राखाडी येते, धुक्यातला सिंहगड मळकट. कॅमेरा प्रत्येक दृश्य मधल्या करड्या रंगाचं धरून उजेड मोजतो, म्हणून. अधिक-उणेचं बटण असतं: काळ्याला उणे १, पांढऱ्याला अधिक १. एवढंच.

सेन्सरचे आकार, डायनॅमिक रेंज वगैरे पुढच्या वर्षी वाचलंत तरी चालेल. पावसाळ्यात मात्र कॅमेरा बॅगेत कोंडून कपाटात ठेवू नका. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. लेन्सवर बुरशी धरायला एक दमट श्रावण पुरतो.