टोन मेलाय? प्लगइन उघडायच्या आधी या चुका टाळा

गिटारवाल्यांचा ठरलेला जोक आहे. तारा कधी बदलायच्या? तुटल्या की. आणि तुटल्याच नाहीत तर? मग टोन मुरतोय, मुरू दे.

मी पण त्यातलाच. अकूस्टिक रेकॉर्ड करत होतो, टेक बरा आला होता पण आवाज असा की गिटारवर कोणीतरी गोधडी टाकलीये. मग काय, कॉम्प्युटरवर आवाज सुधारणारे प्लगइन काढले, आधी इक्यू (आवाजाचा जाड-बारीकपणा कमीजास्त करणारा), ८ किलोहर्ट्झच्या वर ६ डीबी चढवले, तरी समाधान नाही म्हणून चमक आणणारा एक्सायटर, त्यावर चढउतार सपाट करणारा कॉम्प्रेसर, तीन तास गेले. मित्र आला, हेडफोन लावला, काही बोलला नाही, गिटार उचलली आणि पाचव्या तारेच्या खालून बोट फिरवून मला दाखवलं. बोट काळं.

"कधी बदलल्यास रे?"

"चांगल्या आहेत की, एकही तुटली नाहीये."

तर हे त्या तीन तासांचं प्रायश्चित्त समजा.

इक्यूने तार नवी होईल असं समजणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून जरा सविस्तर. खालच्या जाड तारांमध्ये आत स्टीलचा गाभा असतो आणि त्यावर बारीक तारेचं वेटोळं, अकूस्टिकला ब्रॉंझचं, इलेक्ट्रिकला बहुतेक वेळा निकेलचा मुलामा दिलेल्या स्टीलचं. (८०/२० ब्रॉंझ म्हणून जे विकतात ते खरं तर पितळ आहे, ८० टक्के तांबं नि २० टक्के जस्त, आणि पितळ हाताच्या घामाने किती पटकन काळवंडतं हे वेगळं सांगायला नको.) त्या वेटोळ्यांच्या फटींमध्ये घाम, तेल, मेलेली कातडी जाऊन बसते आणि तारेची थरथर तिथेच जिरते, त्यातही आधी मरतात ते वरचे बारीक हार्मोनिक्स (मूळ सुरासोबत वाजणारे उपसूर), म्हणजे आपण ज्याला 'चमक' म्हणतो तेच.

आता इक्यू काय करतो? आहे ते मोठं करतो. तारेतून ८ किलोहर्ट्झला काही आलंच नसेल तर मोठं काय करणार, कप्पाळ? त्या जागेत जे आहे ते मोठं होतं, म्हणजे माइकची हिस्स, पिकची टकटक, शर्टाची बाही घासलेली. ६ डीबी चढवले म्हणजे सिग्नल जवळपास दुप्पट, आणि त्यात कचरा पण दुप्पट. माझ्या त्या टेकमध्ये शेवटी गिटारपेक्षा पंखा जास्त चमकत होता.

एक्सायटर जरा वेगळं काम करतो, तो आहे त्या आवाजात थोडं डिस्टॉर्शन घालून नवे हार्मोनिक्स तयार करतो. एकेका सुरावर बरं वाटतं, पण सहा तारांची पूर्ण कॉर्ड त्यातून गेली की सूर एकमेकांत मिसळून नको ते भलतेच सूर निघतात आणि सगळं किरकिरं वाटायला लागतं.

"ट्यून तर केलीये!"

मोकळ्या सहाही तारा ट्युनरवर हिरव्या, आणि सातव्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्या, त्यातली सातवी) बार कॉर्ड, म्हणजे एक बोट सगळ्या तारांवर आडवं टाकून, धरली की दात आंबतात. तार जुनी झाली की मळ नि गंज सगळीकडे सारखा बसत नाही, शिवाय फ्रेटवर दाबून दाबून तिच्या पोटाला खाचा पडतात, म्हणजे कुठे जड कुठे हलकी अशी तार, ती प्रत्येक फ्रेटवर सुरात येणार कशी.

तपासायचं सोपं आहे. बाराव्या फ्रेटच्या बरोब्बर वर नुसतं बोट टेकवून हार्मोनिक वाजवा, मग तीच तार बाराव्या फ्रेटवर नेहमीसारखी दाबून वाजवा, ट्युनरवर दोन्ही सारखे आले पाहिजेत. नाही आले तर लगेच स्क्रूड्रायव्हर घेऊन ब्रिजची सॅडल (तार जिच्यावर टेकते ती) पुढेमागे करायला जाऊ नका!! जुन्या तारांवर इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर येणं, सेट केलं तर नवीन तारा टाकल्यावर ते सगळं परत करावं लागतं, मी केलंय, दोनदा. आधी तारा, मग सॅडल. आणि तारेच्या खालच्या बाजूने नख ओढत न्या, फ्रेटच्या जागी नख टकटक अडकलं तर निकाल लागला.

आणि हो, पिच करेक्शनने, म्हणजे बेसूर सूर सॉफ्टवेअरने सुरात ओढून, होईल की असं म्हणणारे आहेतच. ऑटोट्यून १९९७ मध्ये आलं पण ते एका वेळी एकाच सुराचं काम, कॉर्डमधले सूर सुटे करून हलवायची सोय मेलोडाइनने २००९ मध्ये दिली. म्हणजे होतं, नाही असं नाही. पण तीन मिनिटांच्या स्ट्रमिंगमधला एकेक सूर माउसने ओढत बसण्यापेक्षा सहा खुंट्या फिरवणं परवडलं.

दरवेळी बिचाऱ्या तारेलाच दोष देणं

हे पण होतं, एकदा अक्कल आली की माणूस दुसऱ्या टोकाला जातो. नव्याकोऱ्या तारा, तरी आवाज मंद? इलेक्ट्रिक असेल तर पहिले टोन नॉब बघा, हसू नका, वाजवताना हाताने फिरून शून्यावर गेलेला असतो. मग ऑडिओ इंटरफेसवरचं (गिटार कॉम्प्युटरला जोडायचा डबा) हाय-झी किंवा इन्स्ट्रुमेंट लिहिलेलं बटण बघा. साध्या पिकअपला साधारण १ मेगाओहमचा इनपुट लागतो, लाइन इनपुट बरेचदा १० किलोओहमच्या आसपास असतो, तिथे गिटार खुपसली की वरचा आवाज वाटेतच गळतो, आणि आपण बसलोय अँप सिम्युलेटरचे (अँपची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) प्रीसेट बदलत.

कॅबिनेटचा, म्हणजे स्पीकरच्या खोक्याच्या नकलेचा, घोळ तर नेहमीचा. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं बरंचसं कापतो, त्यामुळे अँप सिम्युलेटरमध्ये कॅबिनेट बंद राहिलं की आवाज म्हणजे मधमाशांचं पोळं, आणि चुकून दोनदा लागलं, एक पेडलमध्ये नि एक कॉम्प्युटरवर, की परत तीच गोधडी.

अकूस्टिकमध्ये पिकअप असेल तर प्रीअँपची (आतला सिग्नल वाढवणारा) बॅटरी बघा. बस्स.

बदलताना होणारे घोळ

एकच तुटली म्हणून एकच बदलली, आता ती एकटी खणखणतेय आणि बाकीच्या पाच खोकतायत. नवीन तारा ताणून घेतल्या नाहीत, मग पहिल्या गाण्यातच उतरल्या आणि गिटार खराब आहे म्हणून बोंब. ट्यून करताना तार टिंग करून एकदम उडी मारते ना, ती नटमध्ये (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) अडकतेय, खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा. फ्लोटिंग ब्रिज (स्प्रिंगच्या ताणावर तरंगणारा) असेल तर एकेक तारच बदला, सगळ्या एकदम काढल्यात तर पुढचं तुमचं तुम्ही बघा.

बेसवाले तारा पाण्यात उकळतात, तो जोक नाही, खरंच करतात आणि चालतं पण, फटीतला मळ सुटतो नि चमक परत येते, फक्त थोडेच दिवस. खाचा आणि गंज उकळून जात नाहीत.

बेसवाल्यांचा विषय निघालाच आहे तर, अमेरिकेतल्या मोटाउन कंपनीच्या रेकॉर्डवरचा बेसवाला जेम्स जेमर्सन फ्लॅटवाउंड (वेटोळं चपट्या पट्टीचं असलेल्या, गुळगुळीत) तारा वापरायचा आणि त्या जवळजवळ बदलायचाच नाही. त्याचा तो गोल, ठोस आवाज त्याच मेलेल्या तारांचा. त्यामुळे जुनी तार म्हणजे वाईट असं अजिबात नाही, तो आवाज हवा असेल तर ठेवा की. फक्त जुन्या तारा ठेवायच्या आणि नव्याचा आवाज प्लगइनकडे मागायचा, हे नको.

माझ्या त्या टेकचं काय झालं? तारा बदलल्या, सगळे प्लगइन बंद केले, परत वाजवलं, चमक एकदम कडक. मित्राने ऐकलं आणि म्हणाला, "हे उंदीर कोण पाळलेत?" नवीन तारेवर बोट सरकलं की चूंक चूंक आवाज येतो तो, प्रत्येक कॉर्ड बदलताना. आता रेकॉर्डिंगच्या एक-दोन दिवस आधीच तारा टाकतो आणि तासभर वाजवून घेतो.