शिमग्याआधी पाइपाचे जोड बघून घ्या: न गळणारा खटक्याचा कनेक्टर कसा निवडावा

सुरू उसाच्या लागणी आटोपल्या, खोडव्याला पाणी चालू आहे, आणि रोपवाटिकांत उन्हाळी मिरची-वांग्याचे ट्रे लागलेत. इथून मृगाचा पाऊस येईपर्यंत हातातला पाइप खाली ठेवायला मिळणार नाही. सकाळ-संध्याकाळ म्हशी धुवायच्या, ट्रेवर दिवसातून दोनदा पाइपाच्या तोंडाची झारी फिरवायची, परड्यातल्या केळी-शेवग्याला पाणी सोडायचं. आणि कोल्हापूर जिल्ह्यात करवीरपासून शिरोळपर्यंत कुठल्याही गोठ्यात जा, नळाच्या तोंडाला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली, वर बाइंडिंग वायर आवळलेली, आणि खालून धार लागलेली दिसेल.

ती धार एकदा मोजा. खाली लिटरचं माप लावा. चार मिनिटांत भरलं तर तासाला 15 लिटर गेलं. पाइप दिवसाकाठी सहा तास चालत असेल तर 90 लिटर. एका म्हशीचं उन्हाळ्यातलं दिवसाचं पिणं यात सहज भागतं. रोपवाटिकेत पाण्यापेक्षा दुसरं नुकसान मोठं असतं. जोड जिथे पडून गळतो तिथली जमीन सदा ओली राहते आणि शेजारच्या ट्रेमधली रोपं बुडाशी कुजून माना टाकतात. आपण बुरशीनाशकाच्या मागे लागतो, आणि दोष असतो दोन रुपयांच्या वॉशरचा.

खटक्याचे कनेक्टर, म्हणजे टक्कन बसणारे आणि कॉलर मागे ओढली की सुटणारे, आता गावोगावच्या दुकानांत मिळतात. काम सोपं होतं यात शंका नाही. पण ते घेताना बहुतेक जण रंग आणि किंमत बघतात. आधी बघायचे ते आटे.

आपल्याकडच्या नळांचे आटे ब्रिटिश मापाचे असतात. अर्धा इंची नळाचे आटे बाहेरून मोजले तर 21 मिलिमीटर भरतात, पाऊण इंचीचे साडेसव्वीस आणि एक इंचीचे 33. इथेच गोंधळ होतो. माणूस घरी पट्टी लावतो, सव्वीस दिसले की ‘एक इंची द्या’ म्हणतो आणि परत फेरी मारतो. नळ काढून नेता येत नसेल तर जुना जोड खिशात टाकून दुकानात जा. पट्टीपेक्षा तो खरा.

मी स्वतः याहून महागातली चूक केली आहे. मागच्या उन्हाळ्यात मोबाइलवर बघून जाडजूड पितळी कनेक्टरचा संच मागवला. दिसायला राजबिंडा. पाऊण इंची नळावर दोन आटे सुरेख चढला आणि तिथेच अडला. पान्ह्याने आवळला, टेप गुंडाळली, तरी बारीक फवारा येतच राहिला. चार दिवसांनी डोक्यात उजेड पडला. तो अमेरिकन बागेच्या पाइपाचा आटा होता. त्यात इंचाला साडेअकरा आटे असतात, आपल्या पाऊण इंचीत 14. व्यास जवळजवळ सारखा, म्हणून सुरुवातीला चढतो आणि पुढे दातात दात अडकतो. शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर पितळेचा जोडतुकडा करून घेतला, आणि त्याची मजुरी संचाच्या निम्म्यावर गेली. ऑनलाइन घेताना वर्णनात ‘बीएसपी’, म्हणजे आपला ब्रिटिश मापाचा आटा, असं लिहिलंय का ते बघा. नसेल तर सोडून द्या.

टेपचंही सांगून टाकतो. नळावर चढणाऱ्या कनेक्टरच्या आत सपाट रबरी वॉशर असतो. पाणी तो वॉशर अडवतो, आटे फक्त त्याला दाबून धरतात. तिथे पांढरी टेप गुंडाळली की आटे जाड होतात, कनेक्टर पूर्ण चढत नाही, वॉशर दाबला जात नाही आणि गळती वाढते. टेप लोखंडी निपल-सॉकेटच्या जोडाला लावायची. इथे वॉशर बदलायचा आणि हाताने आवळायचं. प्लास्टिकच्या कनेक्टरवर पान्हा चालवला तर तो आज न्हाय तर उद्या तडकणारच.

दुसरी गोष्ट भोकाची. पाऊण इंची पाइपातून अर्धा इंचीच्या जवळजवळ तिप्पट पाणी येतं, दाब आणि लांबी तीच असेल तर. म्हणून लोक पाऊण इंची पाइप घेतात आणि त्याला अर्धा इंचीच्या घडणीचा कनेक्टर लावतात. कनेक्टर हातात घेऊन आरपार बघा. भोक 10 मिलिमीटरचं निघालं तर 19 मिलिमीटरच्या पाइपाची वाट तिथे जेमतेम पाव उरली. आखूड अडचण असल्यामुळे पाणी काही पावपट होत नाही, हे खरं. पण गोठ्यावरच्या टाकीतून पाणी येत असेल तर फरक लगेच जाणवतो. टाकी चार मीटर उंच असेल तर दाब फक्त 0.4 किलो (दर चौरस सेंटिमीटरला) मिळतो, त्यात असे तीन जोड आले की म्हैस धुवायला धार उरत नाही.

पितळ की प्लास्टिक, हा प्रश्न मला सगळे विचारतात. माझं उत्तर जागेवर ठरतं. नळावर कायम बसणारा तुकडा पितळेचा घ्या. त्यावरच ओढ येते, धक्के बसतात. मात्र पिवळं दिसतं ते सगळं पितळ नसतं. जस्ताच्या मिश्रधातूवर पिवळा मुलामा चढवलेला माल बाजारात भरपूर आहे. तो हाताला हलका लागतो. दुकानदाराची परवानगी घेऊन आटा संपतो त्या कडेला कानस फिरवा, आत राखाडी दिसलं तर जस्त. फाउंड्रीच्या गावात राहून एवढी पारख आपल्याला जमायला हवी. ॲल्युमिनियमचा कनेक्टर पितळी नळावर कधी लावू नका. ओल लागून दोन धातूंच्या मध्ये गंज धरतो आणि पुढच्या वर्षी कनेक्टरबरोबर नळच निघतो.

गोठ्यात मात्र मी प्लास्टिकच्या बाजूचा आहे, कारण पितळेला अमोनिया सोसत नाही. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप चिरायची. घोड्यांच्या तबेल्यातला अमोनिया त्यामागे आहे हे 1921 च्या सुमाराला उलगडलं. आपल्या गोठ्यात गव्हाणीखाली, मुताच्या पन्हाळीत पडून राहणारा कनेक्टर त्याच वाटेने जातो. युरियाचं पाणी पाइपातून सोडत असाल तर काम झाल्यावर साध्या पाण्याने पाच मिनिटं धुऊन काढा.

प्लास्टिक घेताना काळं घ्या. काजळी मिसळलेल्या काळ्या प्लास्टिकला ऊन कमी खातं. रंगीत, चकचकीत माल एका उन्हाळ्यात पांढरट पडतो आणि ठिसूळ होतो. फक्त कॉलर तेवढी केशरी किंवा पिवळी असावी, कारण रात्रीच्या लाइटीवर पाणी पाजताना काळा तुकडा सरीत पडला तर बॅटरी लावून शोधत बसावं लागतं. निपलच्या, म्हणजे खटक्यात घुसणाऱ्या तुकड्याच्या, ज्या भागावर आतली रबरी रिंग घासते तिथे नख फिरवा. साच्याची रेघ नखाला लागली तर तो तुकडा परत ठेवा. नवा असतानाच त्या रेघेतून पाणी झिरपतं.

आता रिंगचं. माझ्या मते सगळा निवाडा इथेच होतो. खटक्याचा जोड म्हणजे प्लास्टिकच्या डबीत बसवलेली एक रबरी रिंग, बाकी सगळं तिच्या सोयीसाठी. दोन उन्हाळ्यांत ती झिजणारच. म्हणून दुकानात मी पहिला प्रश्न विचारतो, “रिंग सुट्टी मिळते का?” शाहूपुरीत एकाने सांगितलं, “पावणं, रिंग कशाला? अख्खा कपलरच नवा न्यायचा.” मी तिथून उठलो. ज्याची रिंग आणि वॉशर सुटे मिळतात तोच माल घ्या, तो पाच-दहा रुपये महाग असला तरी चालेल, आणि त्याच दिवशी डझनभर रिंगा घेऊन ठेवा. सगळ्या रानात एकाच कंपनीचा माल ठेवा. वेगवेगळ्या कंपन्यांचे तुकडे एकमेकांत बसल्यासारखे वाटतात, पण केसभर फरक असतो आणि तेवढा गळायला पुरतो.

रिंग ‘ईपीडीएम’ रबराची मिळाली तर उत्तम. ऊन आणि पाणी ती चांगलं सोसते. तिचं वाकडं तेलाशी आहे. खटका जड चालायला लागला की आपला हात आपसूक ग्रीसच्या डब्याकडे किंवा इंजिन ऑइलकडे जातो. त्याने ही रिंग फुगते, लिबलिबीत होते आणि खोबणीतून बाहेर येते. साबणाचं पाणी लावा, किंवा सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब आणून ठेवा.

कनेक्टर कितीही चांगला असला तरी पाइपाचं टोक नीट नसेल तर उपयोग नाही. जुनं फुगलेलं टोक चार बोटं कापून टाका, तेही धारदार सुरीने आणि काटकोनात. पाइप कडक असेल तर टोक गरम पाण्यात मिनिटभर बुडवा. काडेपेटीची काडी लावून मऊ करायची सवय सोडा, जळालेला पाइप पहिल्या उन्हातच फाटतो. बाइंडिंग वायर पाइपात रुतते, म्हणून स्टीलची होज क्लिप वापरा. एक इंचीला दोन क्लिपा, त्यांचे स्क्रू समोरासमोरच्या बाजूंना. नट आवळून पाइप धरणारा कनेक्टर असेल तर पाइपाची जाडीही जुळली पाहिजे. जाळीचा पाइप आतून सारखा असला तरी बाहेरून कंपनीगणिक जाड-बारीक असतो, तेव्हा वीतभर तुकडा दुकानात न्या.

नळाला लटकणारा पाइप हे गळतीचं आणखी एक कारण. पाण्याने भरलेल्या पाइपाचं वजन कनेक्टरला खाली ओढतं, रिंग एका बाजूला चेपते आणि दुसऱ्या बाजूने पाणी येतं. नळाखाली भिंतीला एक हूक मारून पाइप त्यावरून घ्या.

पाणी आपोआप अडवणारे कनेक्टरही मिळतात. झारी काढली की पाणी बंद, नळापर्यंत पळायला नको. टाकीच्या लाइनीवर खुशाल वापरा. मोटर थेट पाइपाला जोडली असेल तर मात्र नको. पुढची वाट बंद झाली की मोटरचा सगळा दाब पाइपात साठतो आणि कुठला तरी जोड उडतो. माझ्याकडे असाच उडाला तेव्हा पाइप सापासारखा फिरला आणि वांग्याचे सात ट्रे उपडे झाले. जास्त दाबाच्या एचटीपी फवारणी पंपाला तर हे बागेचे कनेक्टर लावूच नयेत. तिथे 20 ते 40 किलो दाब असतो, त्याचे पितळी कपलिंग वेगळे येतात.

तुषार सिंचनाच्या काळ्या पाइपांचे खटक्याचे जोड हा वेगळाच प्रकार. त्यांची रबरी रिंग पाण्याच्या दाबानेच फुलून बसते, त्यामुळे मोटर सुरू होताना थोडं गळणं स्वाभाविक आहे. दाब आल्यावरही गळत असेल तर आधी रिंगच्या खोबणीतला गाळ काढा.

गाळावरून आठवलं. पंचगंगेचं किंवा वारणेचं उपसा पाणी वापरणाऱ्यांनी कनेक्टरच्या आधी बारीक जाळी बसवावी. रेतीचा एक कण रिंगखाली गेला की ती चिरते. त्याहून जास्त रेती आपणच आत घालतो, सुटा कनेक्टर चिखलातून ओढत नेऊन. जोडण्याआधी एकदा पाण्यात विसळायला काय जातं? शिरोळकडे बोअरचं पाणी खारं-जड आहे, तिथे खटक्यावर पांढरा थर धरतो. लिंबाच्या पाण्यात तासभर ठेवला की सुटतो.

सगळं बसवून झालं की संध्याकाळी ऊन उतरल्यावर टाकीचा नळ पूर्ण उघडा, पुढचं तोंड बंद करा आणि प्रत्येक जोडाखाली रद्दी पेपर पसरा. दहा मिनिटांनी बघा. नळाच्या बाजूला ओलं दिसलं तर वॉशर, खटक्यापाशी ओलं तर रिंग, पाइपाच्या टोकाकडे ओलं तर क्लिप. आणि झोपायला जाण्याआधी नळ बंद करून पुढचं तोंड उघडून ठेवा, म्हणजे सकाळच्या उन्हात भरलेला पाइप फुगत पडायचा नाही.